नाण्यावरची स्तोयांका

४ मार्च
आजपासून शिस्त. सासऱ्यांच्या द्राक्षमळ्यात नांगराला लागलेली जुनी नाणी इतकी वर्षं मातीसकट डब्यात पडून आहेत. आता धुणार, ओळखणार, किंमत ठरवणार. कायद्याने म्युझियमला द्यावी लागतात. देणारच आहे. पण अशी घाण कशी देऊ?

खरं कारण स्तोयांका. इटलीत ती ज्या म्हाताऱ्याला सांभाळत होती, तो वारला. बारा वर्षांनी बायको मोकळी झाली. आता घरीच येणार. येईल तेव्हा घरात काहीतरी झळकत असायला हवं.

६ मार्च
नाणी ऑलिव्ह तेलात भिजत घातली. हे तेल स्तोयांका दर महिन्याला माझ्या हृदयासाठी पाठवते. सॅलडवर घालतो असं तिला सांगितलंय. पेंचो (शेजारी, न मागता सल्ला देतो) म्हणाला, सहा महिने हात लावू नकोस. पटलं. अजिबात हात लावणार नाही.

७ मार्च
हात लावला. फक्त टूथब्रशने.

१५ मार्च
एका नाण्यावर हिरव्या थरात बाई दिसली! अंबाडा, ठसठशीत नाक. डिट्टो स्तोयांका. रोमन सम्राज्ञी असणार. कुठली ते नक्की नाही, म्हणजेच दुर्मिळ. पेंचो म्हणाला, "गाढवा, सम्राट आहे. दाढी बघ की!" दाढी नव्हे, माती. पेंचोला मोतीबिंदू आहे. हे एक नाणं म्युझियमला नाही. हे तिला.

२२ मार्च, संध्याकाळ
व्हिडिओ कॉल. हिय्या करून विचारलं, ईस्टरला कायमची येतेस ना? तिचे डोळे भरले होते. मग हळूच मान हलवली, आडवी. आडवी! आपल्या बल्गेरियात आडवी मान म्हणजे हो, हे शेंबडं पोरही सांगेल. मलाही रडू आलं. फोन घाईने तिनेच ठेवला, आनंदात माणूस असंच करतो.

२५ मार्च
स्वयंपाकघराला पिवळा रंग दिला. तिला पिवळा आवडतो. की निळा? पिवळाच.

३० मार्च
पेंचोला बातमी दिली. तो हसलाच नाही. "ग्रोझ्दान, बारा वर्षं तिकडे आहे ती. तिकडे आडवी मान म्हणजे नाही." मी म्हटलं, माणूस गाव बदलेल, मान कशी बदलेल? तो म्हणाला, "फोन करून विचार." विचारायचं काय त्यात? उगाच तिला वाटेल माझा विश्वास नाही. जेवण गेलं नाही. भाजीत मीठ कमी होतं.

२ एप्रिल
ईस्टर तोंडावर आला आणि बाईच्या गालावरचा हिरवा डाग हटत नाही. व्हिनेगर, फक्त पाच मिनिटं. मग लिंबू. मग सुई. आता अगदी थोडंच राहिलंय.

३ एप्रिल
डाग गेला. बाईही गेली. हातात नुसता लालसर खडबडीत तुकडा. धावत म्युझियममध्ये, जुनी नाणी तपासणाऱ्या बिल्यानाबाईंकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिलं. "आजोबा, चेहरा त्या हिरव्या थरातच होता हो. आतला धातू केव्हाच खाल्ला गेला होता. तुम्ही साफ केलंत म्हणजे चेहराच काढलात." किंमत? "आता काही नाही." कुणाचं होतं म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, स्तोयांकाचं. त्या बिचाऱ्या अशी कुठली राणी होती ते आठवत बसल्या.

बाकीची नाणी तिथेच ठेवून आलो. छातीत दुखत होतं. हृदयाचं नव्हे, वेगळंच.

११ एप्रिल, ईस्टरचा आदला दिवस
दोन माणसांपुरती ईस्टरची अंडी लाल रंगवली. स्टँडवर जाऊन इटलीच्या तिन्ही बसेस पाहिल्या. घरी आलो तर तिचाच फोन. साधा, बिनव्हिडिओचा. कुठल्या बसने येतेस, विचारलं. ती मग म्हणाली, "कसली बस रे? मान हलवून नाही म्हटलं होतं मी तेव्हाच." तिथे बेकरीत काम मिळालंय. तिच्या नावावर खोली आहे. "तिकडे आले तर आता पाहुणीच होईन मी, ग्रोझ्दान."

मी स्वयंपाकघरात उभा होतो. नवा रंग फार भडक वाटला.

"रागावलास का?" तिने विचारलं. "राहशील ना नीट?"

मी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिलो. तिकडे ती हॅलो, हॅलो करत होती.