रेषेखालची नळी

बाबा, आज मी एका माणसाची नळी परत पाठवली. तुमच्याच वयाचा, हृदयाची झडप बदललेला, रक्त पातळ ठेवायच्या गोळीवर असलेला. निळ्या टोपणाची नळी रेषेपर्यंत भरली नव्हती. पुन्हा टोचायचं म्हटल्यावर तो वैतागला. "मॅडम, इतना तो दिया, अब पूरा निचोड़ोगी क्या?" मी म्हटलं, "अंकल, बस लाइन तक," आणि दुसऱ्या हाताची शीर शोधली. मला काही वाटलं नाही. हल्ली वाटत नाहीच.

हे तुम्हीच शिकवलंत, कँटोन्मेंटच्या क्वार्टरमधल्या ओट्यापाशी. तुमच्या लॅबमधून मुदत संपलेल्या नळ्या आणल्या होत्यात आणि मी सिरिंजने त्यांत बिटाचं पाणी भरत होते. आई म्हणाली, "अहो, सगळं बीट संपवलंत, आता कोशिंबीर कशाची करू?" तुम्ही म्हणालात, "रिपोर्टची कर." मग माझी अर्धवट नळी उजेडात धरलीत. "यात रक्त गोठू न देणारं औषध आधीच असतं. रक्त कमी पडलं की औषध जास्त होतं, आणि रक्त आहे त्याहून पातळ दिसतं. रेषेखालची नळी खोटं बोलते, बेटा. फेकून द्यायची." मी ती लगेच बेसिनमध्ये ओतली आणि दोनदा हात धुतले.

तुमची झडप बदलल्यावर दर महिन्याला तुमचं रक्त मीच घरी काढायचे. तेव्हा मी कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या सकाळी तुम्ही खुर्चीत बसला आहात, कोपराजवळ मागच्या वेळचा जांभळा डाग अजून आहे. शीर निसटते. नळी रेषेच्या खाली थांबते. तुम्ही नळीकडे बघता, मग माझ्याकडे. मी कापूस दाबते, लेबल लावते, आणि जिथे शिकत होते त्या लॅबमध्ये नेऊन स्वतःच मशीनला लावते. रक्त फार पातळ आहे, असा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. बाराव्या दिवशी बुटाची लेस बांधताना तुमचा उजवा हात थांबला, मग बोलणं थांबलं. मेंदूत गुठळी अडकली होती. "झडपवाल्यांना असं होतं कधीकधी," डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली.

तुम्ही गेलात त्याला नऊ वर्षं झाली. नळी कमी भरली होती, हे मी आईला गेल्या वर्षी सांगितलं. ती भाजी निवडत होती, थांबली नाही. म्हणाली, "तू कशाला मनाला लावून घेतेस? पुन्हा टोचायला त्यांनीच नको म्हटलं ना?" मी तिला तसंच सांगितलं होतं. इतक्या वेळा मनात म्हटलं आहे, की कधीकधी तुमच्या आवाजात ऐकूही येतं.

हे पत्र घरी नेणार नाही, लॅबमधल्या माझ्या कपाटात ठेवीन. आईच्या हाती लागायला नको.

बाबा, तुम्ही नको म्हणाला नव्हतात. तुम्ही दुसऱ्या हाताची बाही वर करायला लागला होतात. "असू दे, झालं," असं मीच म्हणाले.