असू दे

पप्पा, त्या रविवारी स्वयंपाकघरात तुम्ही 'असू दे' म्हणालात, ते 'चालू असू दे' होतं की 'राहू दे, नको'? इतक्या वर्षांनी विचारतेय, आणि उत्तर मला माहीत नाही.

स्ट्रोकनंतर तुमच्याकडे तेवढंच बोलणं उरलं होतं. बेकरीच्या काउंटरवर गिऱ्हाइकाला हसवल्याशिवाय पाव न देणारे तुम्ही. चहा हवा का विचारलं तरी 'असू दे', शर्ट बदलायचा का तरी 'असू दे'. इथे परदेशात, रिचमंड हिलच्या लायब्ररीत दर गुरुवारी वाचाघात झालेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा ग्रुप भरायचा. मी तुम्हाला बसने न्यायचे. तिथे कोणी घाई करत नसे. ग्रुप घेणाऱ्या बाईंनी मला शिकवलं होतं की तोंडून निघालेल्या शब्दावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. कागदावर 'हो' आणि 'नाही' लिहायचं आणि बोट ठेवू द्यायचं. तुम्ही वहीत वसईची केळीची बाग काढायचात, ग्रुपमध्ये शेजारी बसणारे एक म्हातारे, निवृत्त बस ड्रायव्हर, मुद्दाम त्या केळ्यांना भेंडी म्हणायचे, आणि तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचात.

मम्मीला ते आवडत नसे. "एक शब्द निघाला की टाळ्या वाजवतात. यांना काय बालवाडीत घातलंय?" त्या रविवारी भाकरी भाजताना ती म्हणाली, "तू घरातली पहिली ग्रॅज्युएट होणार ना, तूच विचार त्यांना." मी विचारलं, "पप्पा, ग्रुप बंद करायचा?"

"असू दे."

"ऐकलंस? राहू दे तो ग्रुप, नको म्हणतायत."

मला तुमचाच राग आला. मी तुमच्यासाठी भांडायचं आणि तुम्हीच माघार घ्यायची. पुढची दोन वर्षं, तुम्ही जाईपर्यंत, मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले.

गेल्या महिन्यात मम्मीच्या खणात कागद शोधताना तुमची वही सापडली, ग्रुपने पोस्टाने पाठवलेली, पाकिटासकट. शेवटच्या पानावर बाईंच्या इंग्रजी अक्षरात, पुढच्या गुरुवारी याल ना? खाली 'यस' आणि 'नो'. 'यस'भोवती तुमचं वाकडं वर्तुळ, कागद फाटेपर्यंत गिरवलेलं.

"तुला माहीत होतं?"

मम्मी भांडी पुसत राहिली. "होतं. त्यांचे फोनही यायचे. मी सांगितलं, त्यांना यायचं नाहीये. लोकांनी माझ्या नवऱ्याची कीव केलेली मला बघवत नव्हती. आता असू दे ना."

तो शब्द तिने तरी वापरायला नको होता.

तिने फसवलं, आणि ते मी विसरणार नाही. पण त्या रविवारी कागद-पेन टेबलावरच होतं, पप्पा. दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती आणि गुरुवारच्या बसचा मलाही कंटाळा आला होता. तुम्ही ते माझ्या चेहऱ्यावर वाचलंत का?

परवा गुरुवारी मी ग्रुपमध्ये पुन्हा गेले, या वेळी मदतनीस म्हणून. मला ठाण्याच्या एका काकांशेजारी बसवलं. सुनेने विचारलं, "बाबा, कॉफी?" ते "नको नको" म्हणाले आणि ती कप उचलायला लागली. मी तिला थांबवलं, कागदावर 'हो' आणि 'नाही' लिहिलं, आणि त्यांचं बोट कुठे जातं ते बघत बसले.

तुमची वही मी त्या खणात परत ठेवलेली नाही.