अण्णाला नाकारलेलं रक्त

मेहकर, ता. भालकी
१२ जानेवारी २०२५

प्रिय अण्णा,

गौराचा शरणु-नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, हे सवयीनं लिहिलं. तूर चांगली उतरली. वहिनीचे गुडघे कसे आहेत? फोनवर तुझा आवाज ऐकला की मी भांडणार, म्हणून कागद घेतला.

नेत्रावती अफजलपूरहून माहेरपणाला आली आहे, पाचवा महिना लागलाय. जिना चढताना मध्येच पायरीवर बसते, आपली आई, अव्वा, बसायची तशी. मी आधी हसले, म्हटलं, लाडात आली आहे.

परवा बिदरला नेलं. डॉक्टरांनी इको काढला. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दाब फार वाढलाय म्हणाले. घरात आणखी कुणाला होतं का, असं विचारलं. दम लागून गेलेली अव्वा डोळ्यांसमोर येत असताना मी "न्हाई" म्हणाले.

अण्णा, नेत्रासाठी मी तुझा मुलगा पंचाक्षरी मागितला होता, भावाचं घर म्हणून हक्कानं. तू कारण न सांगता नको म्हणालास. दोन्हीकडून तोच आजार मुलांत उतरेल ही धास्ती तुला होती, हे मला आत्ता समजतंय. मग तिच्या लग्नात मामा म्हणून उभा राहिलास आणि मला बाजूला घेतलंस.

"गौरा, हैदराबादला आमचं संशोधन चालू हाय. अव्वाचा आजार रक्तात आधीच कळतो का, अन् दम लागायच्या आधीच औषध देऊन थांबवता येतो का, ते बघायलोय. तुझं अन् नेत्राचं रक्त पाहिजे."

मी साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगी नको झाली, आता रक्त कामून पाहिजे?" तू तसाच मांडवातून निघून गेलास. मला वाटलं, मी जिंकले.

डॉक्टर म्हणतात, मूल ठेवलं तर नेत्राच्या जिवावर बेतेल. जावई म्हणतो, नेत्रा वाचली पाहिजे. ती पोटावर हात ठेवून बसते. काल तिनं विचारलं, "आई, मामाला ठाव होतं का?"

"मामा सांगायलाच आला होता. मी सांगू दिलं न्हाई."

तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

बिदरच्या डॉक्टरांना अव्वाबद्दल सगळं सांगितलं. त्यांनीच हैदराबादला तुमच्याकडे न्यायला सांगितलंय. गुरुवारी येतोय. तुमचं औषध अजून शोधातच असेल, तरी तिचं रक्त घे, माझंही घे. मूल ठेवायचं की नाही, ते तूच तिला समजावून सांग. माझं ती ऐकणार नाही, आणि तिचं बरोबर आहे.

माझ्यावरचा राग माझ्यापुरता ठेव. तिचा मामा राहा.

तुझीच,
गौरा