आठ नंबरची जागा

वाल्देसेरेसो,
२० एप्रिल, सोमवार

प्रिय गुमेर्सिंदो यास (‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं, आता खोडत बसत नाही),

सातुरिओचा नमस्कार. ऑपरेशन केलेल्या डोळ्याने तुला आता स्वच्छ दिसत असेल, सांतांदेरची समुद्राची हवा तुझ्या सांध्यांना मानवली असेल, आणि लेक रेमेदियोस, जावई, नातवंडं सगळी मजेत असतील अशी आशा आहे. इकडे मी ठीक. गुडघा दुखतो, पण तो तू इथे असतानाही दुखायचा, त्यामुळे त्याचं खापर तुझ्यावर फोडता येत नाही. तुला ‘तू’ लिहितोय, राग मानू नये. नाताळात तुझं कार्ड आलं त्यात तू मला ‘आपण’ म्हटलंस. ज्याची दाढी करताना गळ्यावर मी एकतीस वर्षं वस्तरा धरला, त्याने मला ‘आपणांस नवीन वर्ष सुखाचे जावो’ लिहावं! पोस्टमनने ते वाचलं (तो सगळ्यांचंच वाचतो) आणि मग आठवडाभर बेकरीत, बारमध्ये, चर्चच्या पायरीवर, जो भेटेल तो मला “आपण कसे आहात, सातुरिओ?” विचारत होता.

तू गेल्यावर आपल्या पेन्शनर मंडळाच्या सहली बंद पडल्या असतील असा तुझा समज असेल तर तो काढून टाक. बस दर महिन्याला निघते. बाल्बिनोच चालवतो, पूर्वीसारखाच शिव्या देत. सकाळी कुठल्या तरी हायवेवरच्या खानावळीत दोन तास गाद्यांची जाहिरात ऐकायची, मग फुकटचं जेवण, मग देवळं आणि दगड. गेल्या महिन्यात तर चुंबकाची गादी होती. विकणारा पोरगेलासा माणूस म्हणाला, हिच्यावर झोपलं की रक्त तरुण होतं. विधवा एर्मेलिंदा म्हणाली, “मग तू माझ्या वयाचा आहेस का रे? बघू, झोपून दाखव.” तो झोपला, आणि खरंच झोपला. त्याला उठवेपर्यंत आमचं सूप गार झालं. झामोराला गेलो तर चर्चच्या दुरुस्तीचं काम चालू, सगळीकडे कापड गुंडाळलेलं. प्राक्सेदेसबाई (अजून त्याच अध्यक्ष, आणि देवाघरी जाईपर्यंत त्याच राहतील) म्हणाल्या, कापडसुद्धा चांगल्या प्रतीचं आहे, बघून घ्या. आम्ही बघून घेतलं.

तुझी आठ नंबरची जागा एवारिस्तोला मिळाली. मी विरोध केला नाही, मी कोण विरोध करणारा? एवारिस्तो सूर्यफुलाच्या बिया खातो. घरापासून निघाला की सुरू करतो आणि परत येईपर्यंत थांबत नाही, आणि टरफलं माझ्या बाजूला उडतात. शिवाय त्याला रस्त्यांची माहिती आहे. हा पूल कुठल्या साली झाला, पूर्वी वळण कुठून होतं, त्याच्या मेहुण्याचा ट्रक कुठे उलटला. नऊ वर्षं मी तुझ्याशेजारी बसलो, तू कधी एका पुलाचं साल सांगितलं नाहीस. तू झोपायचास, नाहीतर माझ्याशी भांडायचास. सेगोव्हियाला जाताना आपण कांदा घालून केलेलं ऑम्लेट बरोबर की बिनकांद्याचं, यावर जातानाचे दोन तास भांडलो आणि येतानाही. अजून मी बरोबर आहे, कांदा हवाच.

आता सांतो दोमिंगोची गोष्ट. ती टाळून पत्र लिहिता येत नाही, मी तीन वेळा प्रयत्न केला. गेल्या मे महिन्यात आपण तिथे गेलो. तिथल्या कॅथेड्रलमध्ये वर, जाळीमागे, जिवंत कोंबडा आणि कोंबडी ठेवतात, आणि कोंबडा आरवलेला ऐकला तर ऐकणाऱ्याचं काम होतं म्हणे. तुझं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. आम्ही सगळे दहा मिनिटं माना वर करून उभे राहिलो, कोंबड्याने पाठ फिरवली, आम्ही कॉफी प्यायला गेलो. तू गेला नाहीस. “हा आरवल्याशिवाय मी हलत नाही,” म्हणालास. आता कोंबडा काय सरकारी नोकर आहे का, की पाच वाजायच्या आत फाइल उरकेल? पण तुला सांगणार कोण.

पाचला बस सुटायची. तुला आपली पद्धत माहीत आहे, तूही नऊ वर्षं तिच्यातच काढलीस. दुसऱ्या गावांची मंडळं नावं पुकारतात किंवा डोकी मोजतात. आपल्यात निम्म्यांना ऐकू येत नाही आणि उरलेले कुणाच्याही नावाला ओ देतात, म्हणून प्राक्सेदेसबाईंनी नियम केला: प्रत्येकाने शेजारी बघायचं आणि शेजारच्यासाठी उत्तर द्यायचं. “शेजारचा आहे का?” “आहे!” “आहे!” नवरा बायकोसाठी, बहीण बहिणीसाठी. इतक्या वर्षांत कुणी हरवलं नाही. (एर्मेलिंदाने नवऱ्याला पुरल्यावर दोन महिन्यांनी सवयीने “आहे” म्हटलं होतं, आणि बसमधल्या कुणीही तिला दुरुस्त केलं नव्हतं. त्यासाठी तरी मला हे गाव आवडतं.)

तर सात नंबरवरून मी “आहे” म्हणालो आणि बस सुटली. का म्हणालो, ते मी गावाला शंभरदा सांगितलंय, तुलाही सांगितलं असतं, पण तू दार उघडलं नाहीस. तुझं जॅकेट सीटवर पडलेलं होतं. जेवताना वाइन जास्त झालेली, चष्मा खिशात, आणि तू जॅकेट डोक्यावरून ओढून झोपतोस हे जगाला माहीत आहे. मला ढीग दिसला, मी ढिगासाठी उत्तर दिलं. बुर्गोसच्या अलीकडे प्राक्सेदेसबाईंनी बदामाची मिठाई वाटली, एक तुकडा उरला, तेव्हा कळलं. बाल्बिनोला सगळ्यांनी सांगितलं, वळव. तो म्हणाला, “माझे गाडी चालवायचे तास भरलेत. वळवली तर लायसन्स जाईल, मग पुढच्या महिन्यात तुम्ही सगळे बस ढकलत न्या.”

तू पायी चालत येणाऱ्या यात्रेकरूंच्या धर्मशाळेत राहिलास. एका डच बाईने तुझ्या पायांना मलम लावलं म्हणे, आणि तू तिला सांगितलं नाहीस की तू बसने आलायस. तुझ्या जिवाचे हाल झाले हे मी मान्य करतो, मलम मात्र हालांत धरणार नाही. गुरुवारी तू आलास, माझ्या दारावरून गेलास, मान वळवली नाहीस. सप्टेंबरात किल्ली बेकरीवालीकडे देऊन निघून गेलास. बेकरीवालीने मला विचारलं, गुमेर्सिंदो गेला ना आज? मी म्हटलं, हो, माहीत आहे. माहीत नव्हतं. पाव घेतला आणि घरी येऊन दिवसभर खाल्ला नाही.

असो. कोंबडा आरवला होता की नाही, हे तू कुणालाच सांगितलं नाहीस. डोळा बरा झालाय, म्हणजे आरवला असावा. रेमेदियोसला आशीर्वाद.

तुझा (किंवा आपला),
सातुरिओ

ता. क. मे महिन्यातली सहल सांतांदेरला आहे. चौदा तारखेला. मंडळाने ठरवलं, माझा त्यात काही संबंध नाही. बंदरापाशी अकराला बस थांबेल. इकडच्या तिकडच्या बातम्या लिहिताना हेही लिहावं म्हणून लिहिलं.

ता. क. दुसरं. संबंध आहे. प्राक्सेदेसबाईंना पुन्हा सेगोव्हिया हवं होतं. मी घरोघर फिरून एकोणीस सह्या आणल्या. एवारिस्तोची सही मिळावी म्हणून त्याच्या मेहुण्याच्या ट्रकची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून ऐकली.

ता. क. तिसरं, आणि हे रेमेदियोसकडून वाचून घेऊ नकोस, स्वतः वाच. सीटवर जॅकेट नव्हतं. कॅथेड्रलमध्ये गार होतं, ते तुझ्या अंगावर होतं. चष्मा माझ्या नाकावर होता आणि वाइन मी अर्धा पेलाच घेतली होती. त्या दिवशी जेवताना, मटणाचं हाड चोखता चोखता, तू मला सांगितलंस की ऑपरेशन झालं की तू मुलीकडे राहायला जाणार, कायमचा. आणि लगेच म्हणालास, मीठ दे. मी मीठ दिलं. बसमध्ये तुझी जागा मला रिकामी दिसत होती, चांगली दिसत होती, आणि मी तिच्याकडे बघून “आहे” म्हणालो. तू मला सोडून जाणार होतास, तर मी तुला आधी सोडलं. पहिल्या चौकातच मला लाज वाटली होती, तोंड उघडलं असतं तर पाच मिनिटांत तू बसमध्ये असतास. मी उघडलं नाही. बुर्गोसपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिलो. चूक वाइनची नव्हती, गुमेर्सिंदो, माझी होती, आणि ती मी जाणूनबुजून केली. चौदा तारखेला येऊन माझ्या थोबाडीत मार हवं तर, पण ये.