उत्स्फूर्त पडण्याची प्रॅक्टिस

३ फेब्रुवारी १९२६, ड्रेस्डेन
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. मात्र अक्षर नीट काढायचं, पुढे अभ्यासकांचे हाल नकोत.
आमच्या नव्या नृत्याच्या बाई, फ्राऊ थेक्ला, आज सगळ्यांसमोर म्हणाल्या की एवाल्डमध्ये, म्हणजे माझ्यात, टेक्निकचा अंशही नाही. आमच्या क्लासात याहून मोठी शाबासकी नाही. बाकीचे जळून खाक. टेक्निक हा ऑपेरातल्या बॅलेवाल्यांचा धंदा, चवड्यांवर उभं राहायचं आणि आत सगळा ठणठणाट. आम्ही अनवाणी नाचतो, आतून.
ओटिलीला सांगितलं. म्हणाली, ते मला आपल्या लग्नात नाचतानाच कळलं होतं, आठवडाभर लंगडत होते. बायको चांगली आहे, पण कलेतलं शून्य.

१९ फेब्रुवारी
काल थिएटरात आमचं ‘पृथ्वी’ झालं. मी मागच्या रांगेत, खडक. उठताना स्वतःच्याच झग्यावर पाय पडला आणि थेट स्टेजच्या मधोमध आडवा झालो. आधी सामसूम, मग टाळ्याच टाळ्या. आजच्या पेपरात लिहून आलंय की त्या पडण्यात आपल्या पिढीचा सगळा थकवा होता. पडताना माझ्या मनात फक्त गुडघा होता. पण आत्मा कुठे सगळं विचारून करतो?

२१ फेब्रुवारी
पडणं कायम झालं! सोलो! मे महिन्यात बर्लिनला मोठं नृत्यसंमेलन आहे. तोवर पडणं बसलं तर मी बर्लिनला. माळ्यावरची बॅग काढली. पाणीपुरवठा ऑफिसात रजेचा अर्ज टाकला. ओटिली म्हणते, पडायला बर्लिन कशाला, आपला जिना आहे की.

२ मार्च
प्रॅक्टिस. मुद्दाम झग्यावर पाय दिला. झगा फाटला, मी जागच्या जागी. पुन्हा प्रयत्न. बाई म्हणाल्या, याला बसणं म्हणतात. पडण्याआधी जमिनीकडे बघू नका, असंही म्हणाल्या. माणसाने जायचं तिकडे बघू नये का?

९ मार्च
हात आपोआप पुढे येतात. बाईंनी आज स्पष्टच सांगितलं: २४ एप्रिलच्या तालमीत खरं पडलात तर बर्लिन, नाहीतर इथेच.
उत्स्फूर्तपणाला थोडी तयारी लागते, हे कोणी बोलत नाही इतकंच.

१२ मार्च
गुप्त. कॉलर वर करून पिल्झकडे गेलो. ऑपेरातले रिटायर्ड बॅलेमास्तर, कोळशाच्या दुकानावर राहतात. हेतू निव्वळ शत्रूचा अभ्यास. मला पडायला शिकवा म्हणालो. म्हाताऱ्याने मला खोलीत दोनदा चालायला लावलं.
“पडायला आधी उभं राहावं लागतं,” म्हणाला. “तुम्ही अजून उभेच नाही आहात.”
रीतभात शून्य. पण उद्यापासून शिकवणी. घरी सांगितलं, मीटर तपासणीचं काम वाढलंय.

३० मार्च
टाचा, गुडघे, पोट आत. ऑफिसात एका पायावर उभा राहून फाइली वाचतो. साहेबांनी विचारलं, गोळा आलाय म्हणून सांगितलं. आज पिल्झ “हं” म्हणाले. दिवसभर बरं वाटत होतं. बर्लिनहून आलो की टेक्निक ताबडतोब सोडायचं.

२३ एप्रिल
पिल्झ म्हणतात, पडणं पुढच्या वर्षी. ठीक आहे. एवढी ताकद आल्यावर पडणं काय, ते आपलं आपण होईल. उद्या फत्ते. बॅग भरली.

२४ एप्रिल, संध्याकाळ
घंटा वाजली. पाय झग्यावर पडला. अंग पुढे गेलं. आणि पायाच्या बोटांनी जमीन धरली, पाठ ताठ झाली, दुसरा पाय आपणहून मागे वर गेला. मी उभा. एका पायावर, हात पसरून, जराही न हलता. जन्मात इतका छान उभा राहिलो नव्हतो. कोणीतरी कुजबुजलं, बॅले. बाईंनी डोळ्यांवर हात घेतला.
“हे कुठे शिकलात?”
मी म्हणालो, आतून आलं.
तेवढ्यात ओटिली माझा विसरलेला मफलर घेऊन स्टेजवर चढली, केबलमध्ये पाय अडकला आणि धाडकन पालथी पडली. हातातला मफलर सुटला नाही. थेक्लाबाई रडत होत्या.

२९ एप्रिल
बाई घरी येऊन बर्लिनसाठी ओटिलीला मागणी घालून गेल्या. मला राहवलं नाही. स्पष्ट सांगितलं की हिला टेक्निकचा गंध नाही. बाईंनी माझा हात हातात घेऊन आभार मानले.
ओटिली आधी नको म्हणत होती, आता रोज तालमीला जाते आणि रोज तितकंच खरं पडते. कसं जमतं, विचारलं.
“पाय अडकतो, पडते. त्यात काय करायचं असतं?”
रात्रभर झोप नाही. फार वाईट वाटलं, खरं लिहायला हरकत नाही.

११ मे
ओटिलीला स्टेशनवर सोडून आलो. बॅग माझीच नेली. गाडी हलली तसं खिडकीतून ओरडून बटाटे कुठे ठेवलेत ते सांगितलं. लोक बघत होते.

१४ मे
बर्लिनहून तार: छान पडले. खूप टाळ्या. सूप जाळू नकोस.
तार उशिरा आली. सूप एका पायावर उभा राहून ढवळत होतो, त्यात खाली लागलं. तोल मात्र शेवटपर्यंत गेला नाही.