समजलं म्हणून मान हलवली

कझान, १८ नोव्हेंबर २०१९

ती. बाबांस,
ईश्वरीचा सा. न.

फोनवर तुम्ही कशी आहेस विचारता, मी मस्त म्हणते, तेवढ्यात आई फोन ओढून घेते. म्हणून हाताने लिहून फोटो पाठवतेय. शुद्धलेखन तपासत बसू नका.

रशियन शिकायला येऊन अडीच महिने झाले. वर्गात जमतं. पण जिच्या घरी राहते त्या वेरा पेत्रोव्ना भराभरा बोलतात. डोकं इतकं शिणतं की मी नुसती ‘दा, दा’ म्हणत राहते. दा म्हणजे हो.

मंगळवारी सकाळी त्यांनी असंच काही विचारलं. मी दा म्हटलं आणि कॉलेजला गेले. दुपारी माझ्या म्हाताऱ्या आईपाशी थांबशील का, असं त्या विचारत होत्या. आजी ऐंशीच्या पुढच्या, भान कमी. घरात कुणी दिसेना म्हणून सपातांवरच बर्फात निघाल्या आणि दाराबाहेर घसरून पडल्या. खुबा मोडला. हॉस्पिटलमध्ये आहेत.

वेरा पेत्रोव्ना ओरडल्या नाहीत. सूप समोर ठेवतात आणि आत जातात. त्यांना वाटतं, मी कबूल करून मुद्दाम गेले. मला परत यायचंय, बाबा. तिकीट काढाल? आईला सांगू नका.

रागावलात तरी माया पातळ करू नका.
ईश्वरी


दोहा, २१ नोव्हेंबर २०१९

चि. ईश्वरी,
अनेक आशीर्वाद.

पत्र साइटवरच्या ऑफिसात वाचलं, मग दार लावून पुन्हा वाचलं. वर्ल्ड कपला तीन वर्षं आहेत, पण इथे सगळे तो उद्यावर आल्यासारखे पळतायत. मुंतझाला घरी पोचतो तेव्हा बूट काढायचंही त्राण नसतं.

तिकीट काढतो. त्याआधी एक ऐक, घरी कुणाला सांगितलेलं नाही. जुलैत अरुणकुमार नावाचा एक नवा माणूस आला. उंचावर काम करताना कमरेचा पट्टा कुठे अडकवायचा ते मी त्याला हिंदीत सांगितलं आणि समजलं ना विचारलं. त्याने मान हलवली. त्याला तमिळशिवाय काही येत नव्हतं. ते मला कळायला हवं होतं. सेफ्टी ऑफिसर मीच. पण त्या दिवशी मी दमलो होतो आणि मागे चाळीस माणसं उभी होती. तासाभरात तो पडला, पाय मोडला. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, सूचना दिल्या होत्या, कामगाराने समजल्याचं सांगितलं होतं.

तो बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत राहतो. गाडीने वीस मिनिटं. मी गेलो नाही. तू मात्र बोलल्याशिवाय निघू नकोस. नंतर फार जड होतं.

अंगात गरम कपडे, आणि आमच्यावर भरवसा असू दे.
बाबा


कझान, २ डिसेंबर २०१९

ती. बाबांस,
सा. न.

डिक्शनरी घेऊन चार वाक्यं लिहिली आणि स्वयंपाकघरात वाचून दाखवली. मला समजलं नव्हतं, लाज वाटली म्हणून हो म्हटलं, असं. वेरा पेत्रोव्ना उभ्या होत्या, त्या स्टुलावर बसल्या. मग रडल्या, मग खूप रागावल्या, आणि ते रागावणं मला बहुतेक सगळं कळलं. शेवटी म्हणाल्या की आजी घरी येईल तेव्हा तिला उठवायला दोन माणसं लागतील.

तिकीट राहू दे. रोज थकते, वर्गात झोप येते, पण राहते.

बाबा, अरुणकुमारकडे गेलात का? विचारू नये कदाचित. तरी विचारते.

लोभाची वाटेकरी,
ईश्वरी


दोहा, १३ डिसेंबर २०१९

चि. ईश्वरी,
आशीर्वाद.

आज शुक्रवार, सुट्टी. सकाळी गेलो. अरुणकुमार काठी घेऊन चालतो. मला बघून घाईने उठायला लागला. त्याचा खोलीतला सोबती हिंदी जाणतो, तो मध्ये बसला. मी सगळं सांगितलं, रिपोर्टसकट.

मग सोबत्याने सांगितलं, की पाच महिने हा स्वतःलाच दोष देतोय. साहेबांनी सांगितलं होतं, आपलंच लक्ष नव्हतं, असं त्याने बायकोलाही कळवलंय. उलट आपल्यामुळे माझ्यावर ठपका आला का म्हणून तो माझीच माफी मागत होता. बायकोला खरं काय ते सांग, असं मी त्याला दोनदा सांगितलं. तिथेच फोन लावला त्याने.

नवा रिपोर्ट लिहिलाय. रविवारी मॅनेजरला देतो. ही नोकरी बहुधा खलास. आईला तुझं आणि माझं, दोन्ही सांगितलं. ती शेजारी बसून हे पत्र वाचतेय, आणि आत्ताच म्हणाली, की रिपोर्टवर सही करताना आज तरी चष्मा लाव.

दोघांचा लोभ आहेच.
बाबा