बत्तीसपटीचा नेम

हर्नडन, व्हर्जिनिया
सोमवार, सकाळ

तीर्थरूप श्रीरंगदादांस,
धाकट्या गुरुदत्तचा इथूनच वाकून नमस्कार.

तुमच्या दुसऱ्या डोळ्यातलाही मोतीबिंदू काढला आणि चौथ्या दिवशी तुम्ही पेपरातल्या छोट्या जाहिराती वहिनींना वाचून दाखवल्यात, हे कळलं. आनंद झाला. वहिनींचा गुडघा कसा आहे? आम्ही उभयता ठीक. फोन सोडून पत्र लिहितो आहे, कारण आमच्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि स्पीकरजवळ पद्मजा असते. (अक्षर मोठं काढलं आहे ते केवळ तुमच्या सोयीसाठी.)

तर बातमी अशी, की तुमचा भाऊ एकाहत्तराव्या वर्षी शिकारी झाला. माझा जुना सहकारी वॉल्टर रिटायर होऊन इथून तासाभरावर शेती करतो. त्याच्या सोयाबीनमध्ये ग्राउंडहॉग नावाचा प्राणी बिळं करतो (आपल्या घुशीचा सुखवस्तू थोरला भाऊ समजा, थोरल्या भावांचा यात अपमान नाही). मागच्या महिन्यात ट्रॅक्टरचं चाक बिळात गेलं आणि वॉल्टरचा खांदा निखळला. तो बरा होईपर्यंत बंदूक कोण चालवणार, असा प्रश्न आला तेव्हा मी हात वर केला. कॉलेजात एनसीसीच्या नेमबाजीची ढाल मी आणली होती, हे आपल्या घरात सगळे विसरले असले तरी मी विसरलेलो नाही. शिकाऱ्यांचा सुरक्षा कोर्ससुद्धा केला. पन्नासात एकोणपन्नास. (एक चुकला, कारण प्रश्न फार बारीक टाइपात होता.) बंदूक वॉल्टरची, पण तिच्यावर बसवायची दुर्बीण, म्हणजे स्कोप, मी स्वतःचा घ्यायचं ठरवलं.

स्कोपमध्ये सगळी गोम पटीत असते. जितकी पट जास्त तितका प्राणी जवळ. दुकानातली मुलगी म्हणाली, अडीचशे यार्डांसाठी बारा पट भरपूर, फार तर सोळा. त्यापुढे हाताचा कंप दिसतो, उन्हात जमिनीवरची हवा थरथरताना दिसते आणि दिसणारी जागा एवढीशी होते. मी जन्मभर पूल बांधले, मला ‘भरपूर’ हा आकडा मान्य नाही. बारातून पाहिलं, तर समोरच्या पार्किंगमध्ये धुकं. सोळातून पाहिलं, तरी धुकं तसंच. चोवीसचा घरी आणून तीन दिवसांनी परत केला, कारण त्यात धुकं नुसतं मोठं झालं होतं. मुलगी दर वेळी काच फडक्याने पुसायची, स्वतः डोळा लावून पाहायची आणि मग माझ्याकडे पाहायची. हल्ली काचेचा दर्जा कसा उतरला आहे, हे मी तिला सविस्तर समजावलं. शेवटी आठपासून बत्तीसपर्यंत जाणारा घेतला. बत्तीस पटीसाठी इतका हटून बसलेला माणूस त्या दुकानाने पाहिला नव्हता. मॅनेजर मुद्दाम मला पाहायला बाहेर आला.

पद्मजाचं म्हणणं वेगळं आहे. तिच्या मते दोष काचेत नसून माझ्या उजव्या डोळ्यात आहे, तो मोतीबिंदू आहे, आणि डॉक्टरला दाखवला नाही तर एक दिवस भलतंच काहीतरी होईल. पुरावा काय, तर मी एकदा शेजाऱ्याच्या गाडीत जाऊन बसलो. (दोन्ही गाड्या राखाडी आहेत. शेजारीही काही बोलला नाही, पट्टा लाव म्हणाला.) नऊ महिने हा वाद चालू आहे. मी नाही म्हटलं ते इथल्या मराठी मंडळाच्या चारचौघांत म्हटलं, आता मागे कसं यायचं? गाडी मात्र हल्ली तीच चालवते. मी शेजारी बसून रस्ता सांगतो आणि ती तो ऐकत नाही.

शनिवारी सकाळी तिने मला शेतावर सोडलं आणि ती वॉल्टरच्या बायकोशी गप्पा मारत स्वयंपाकघरात बसली. मी पद्मजाची योगाची चटई बांधावर अंथरून पालथा झालो. वॉल्टर बाजूला बसून डावीकडच्या बिळावर लक्ष ठेवून होता. मी पट थेट बत्तीसवर नेली. पहिली पंधरा मिनिटं नुसतं गवत सापडत होतं, कारण बत्तीसमध्ये सगळं जग एका दाराएवढं दिसतं आणि ते दार आपल्या श्वासाबरोबर वरखाली होतं. मग तो दिसला. कुंपणाच्या खांबापाशी, तपकिरी, गुबगुबीत, सातबारा आपल्याच नावावर असल्याच्या थाटात. मी श्वास सोडला, थांबलो आणि चाप ओढला. दादा, एका गोळीत! तो पळाला नाही की किंचाळला नाही, गुपचूप खाली पडला. वॉल्टर ‘गुड शॉट’ म्हणाला. त्याची फारसं कौतुक करायची पद्धत नाही, म्हणून या दोन शब्दांची किंमत मला माहीत आहे.

तेव्हा घरातली ढाल अजून सापडत असेल तर पुसून ठेवायला हरकत नाही. वहिनींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक (बहुतेक वेळा),
गुरुदत्त

ता. क. – शिकार काय झाली हे सांगायचं राहिलं. ती वॉल्टरची टोपी होती. सकाळी कुंपण बघायला गेला तेव्हा घाम पुसायला काढून त्याने खांबावर ठेवली आणि तिथेच विसरला. भोक मात्र बरोबर मध्यभागी आहे.

ता. क. दुसरा – वॉल्टर ती टोपी एरवी दिवसभर डोक्यावर घालतो. परत येताना त्याने बंदूक माझ्याकडून घेतली, गोळ्या काढल्या आणि पद्मजाला काही सांगितलं नाही. मीही नाही. दादा, तेव्हापासून मला नीट झोप नाही. मला फार भीती वाटली.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं याच्यासाठीच – पत्र पोचल्यावर येणाऱ्या पहिल्याच रविवारी फोन करा. स्पीकरवरच बोला. डोळे दाखव म्हणून मला पद्मजासमोर चांगलं खडसावा. मी दोनदा नाही म्हणेन, तिकडे लक्ष देऊ नका, तिसऱ्यांदा आवाज चढवा. तुमचा शब्द मी मोडत नाही, हे तिला ठाऊक आहे. फोन अठरा तारखेच्या आत हवा. एकोणीसची अपॉइंटमेंट मी शनिवारी, वॉल्टरच्या अंगणातूनच घेतली आहे.